अक्षर एक, वेष अनेक

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या दिवशी अशा व्यासपीठावरून मराठीच्या वैभवाचे गुणगान होते किंवा तिच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त केली जाते. दोन्हीही योग्यच आहे. मी मात्र आज एका रूक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आपले मराठी अक्षर कसे उमटते, ते एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न बिघडता कसे जाते, आणि जाताना नटूनथटून कसे जाते, हा तो विषय. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्राशी माझा संबंध एका वापरणाऱ्याचा, आणि काही काळ एका पीडिताचा. तेव्हा तज्ज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर तीस वर्षे मराठी अक्षरांवर पोट भरलेल्या पत्रकाराच्या नात्याने मी बोलणार आहे.

विषय सुचला तो एका भेटीमुळे. गेल्या वर्षी एक गृहस्थ कार्यालयात भेटायला आले. त्यांचे वडील निवृत्त शिक्षक. १९९७ ते २००४ या काळात मी ज्या साप्ताहिकात उपसंपादक होतो, त्यात हे गुरुजी आपल्या गावाकडच्या आठवणींचे सदर लिहीत असत. आता त्यांचे वय नव्वदीच्या घरात. दृष्टी अधू झालेली. त्या लेखांचे पुस्तक व्हावे आणि ते वडिलांना वाचून दाखवावे, एवढीच मुलाची इच्छा. पण साप्ताहिकाच्या छापील अंकांच्या फायली २००५ च्या जुलैतील महापुरात भिजून गेल्या होत्या. गुरुजींजवळची कात्रणे वाळवीने खाल्ली होती. उरली होती ती एक सीडी. त्या काळी मीच मोठ्या अभिमानाने त्यांना दिली होती. ‘गुरुजी, आता कागदाची चिंता नाही, तुमचे सगळे लेख यात कायमचे सुरक्षित आहेत,’ असे मी म्हणालो होतो.

ती सीडी आम्ही संगणकात घातली. धारिका उघडल्या. आत एकही मराठी अक्षर नव्हते. होती ती रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि कधी न पाहिलेली विचित्र चित्रे, ओळीमागून ओळी. गुरुजींची सात वर्षे समोर होती, पण वाचता येत नव्हती. मी दिलेला शब्द खोटा ठरला होता. तो का खोटा ठरला, हे समजून घेण्यासाठी मी जे वाचले, विचारले आणि शिकलो, ते आज आपल्यासमोर मांडतो.

सुरुवात खिळ्यांपासून करू. आपल्यापैकी ज्येष्ठांनी जुना छापखाना पाहिला असेल. लाकडी खण, त्यांत शिशाचे खिळे, आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून डाव्या हातातल्या पट्टीत ओळ जुळवणारा जुळारी. इंग्रजीच्या जुळाऱ्याचे काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागे. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरी मुद्रणाला जे सौंदर्य दिले, ते या शेकडो खिळ्यांच्या जोरावर. पण सौंदर्याला किंमत होती. खिळे जास्त म्हणजे खर्च जास्त, वेळ जास्त, चुका जास्त.

म्हणूनच लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि ‘इ, ई, उ, ऊ’ या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी ‘अि, अी, अु, अू’ अशी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली. या थोर पुरुषांना लिपीची हौस म्हणून मोडतोड करायची नव्हती. यंत्रयुगात आपली लिपी मागे पडू नये, ही त्यांची तळमळ होती. शिशाच्या खिळ्यांच्या जगात त्यांचे निदान अचूकच होते. यंत्र बदलता येत नसेल, तर लिपीने थोडे वाकावे, असा तो विचार होता. पुढे काळाने एक वेगळेच वळण घेतले. लिपीपुढे यंत्रालाच वाकावे लागले. ही गोष्ट कशी घडली, हेच आजच्या विषयाचे मर्म आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून अक्षर साठवायचे तर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाची अशी एक क्रमसूची प्रमाण म्हणून ठरली. तिच्यात एकूण १२८ जागा. रोमन मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, ‘बी’चा ६६, असा तो हिशेब. जगातील इतर भाषांचा विचार तिच्यात नव्हता, कारण ती त्यासाठी केलेलीच नव्हती. पुढे जागा दुपटीने वाढून २५६ झाल्या, तरी आपल्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

मग १९९० च्या दशकात आपल्याकडे डीटीपीचे युग अवतरले तेव्हा मराठी उमटली कशी? युक्तीने. फाँट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरात मराठी आकृत्या नेऊन बसवल्या. क्रमांक रोमन अक्षराचा, पण पडद्यावर दिसणारे चित्र ‘क’चे. दुसऱ्या घरात काना, तिसऱ्यात अर्धा ‘त’, चौथ्यात रफार. म्हणजे शिशाचा खिळा गेला आणि त्याच्या जागी प्रकाशाचा खिळा आला. संगणकाच्या दृष्टीने त्या धारिकेत मराठी नव्हतीच. होती ती निरर्थक रोमन अक्षरे, आणि त्यांच्यावर पांघरलेली मराठी झूल. ती झूल म्हणजे तो विशिष्ट फाँट जोवर त्या संगणकावर आहे तोवर मराठी. तो काढला की खालचे रोमन उघडे.

त्यातही प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. एका कंपनीच्या फाँटमध्ये जिथे ‘क’, तिथे दुसरीच्या फाँटमध्ये ‘ळ’. पुण्याच्या लेखकाने पाठवलेला लेख मुंबईच्या कार्यालयात उघडेनासा व्हायचा, तो याच कारणाने. मग फ्लॉपीवर लेखाबरोबर फाँटही धाडायचा, किंवा सरळ कागदावर छापून कुरियरने पाठवायचा आणि इकडे पुन्हा टंकलिखित करायचा, असे आमचे उद्योग चालत. गुरुजींची सीडी अशाच एका फाँटमधली होती. तो फाँट ज्या आज्ञावलीबरोबर येई ती आज्ञावली केव्हाच बाद झाली होती. लेख होते, त्यांची झूल हरवली होती.

या गोंधळावर उपाय कोणाला सुचलाच नव्हता, असे नाही. तो आपल्याच देशात सुचला होता. कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांसाठी जे तंत्रज्ञान सुरू झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची क्रमसूची प्रमाण म्हणून स्वीकारली. या सूचीमागचा विचार मुळातून समजून घेण्यासारखा आहे. तिने आकृत्यांना क्रमांक दिले नाहीत, वर्णांना दिले. अर्धा ‘क’ वेगळा नाही, ‘क्ष’ वेगळा नाही. ‘क’ आहे, ‘ष’ आहे, आणि मधे हलन्ताचे चिन्ह आहे. क, हलन्त, ष असे तीन वर्णसंकेत ओळीने आले की ‘क्ष’ झाला. व्यंजनात ‘अ’ अंगभूत असतो, हलन्ताने तो जातो, हे आपल्या प्राचीन वर्णविचाराचे तत्त्व. संगणकाने दोन-अडीच हजार वर्षांनंतर ते जसेच्या तसे स्वीकारले.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमीळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या साऱ्या लिप्या ब्राह्मीच्या कन्या. त्यांची वळणे वेगवेगळी, पण कवर्ग, चवर्ग, टवर्ग हा क्रम एकच. ‘इस्की’ने त्या सर्वांना एकच सूची दिली. ‘क’चा संकेत एक, मग तो कानडीत दाखवा वा बंगालीत. याच तत्त्वावरचा ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक एका लिपीत शिकला की बाकीच्या लिप्यांतही बोटे त्याच जागी पडतात. भारतीय भाषांच्या एकात्मतेवर आपण भाषणे पुष्कळ ऐकतो. तिचा असा निर्विवाद पुरावा मात्र क्वचितच पाहायला मिळतो.

याच सुमारास जगातील सर्व लिप्यांसाठी एकच क्रमसूची असावी, हा विचार अमेरिकेतील संगणक कंपन्यांमधून पुढे आला. १९९१ साली युनिकोड संघाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती. देवनागरीला १२८ घरांचा एक वाडा मिळाला. ‘क’चा क्रमांक ठरला २३२५. आता गंमत पाहा. त्यात १२८ मिळवा, २४५३, तो बंगालीचा ‘क’. पुन्हा १२८ मिळवा, २५८१, तो गुरुमुखीचा. आणखी १२८, गुजरातीचा. तसेच पुढे ओडिया, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि शेवटी मल्याळम. नऊ वाडे एका ओळीत, आणि प्रत्येक वाड्यात ‘क’चे दार त्याच जागी. तमीळमध्ये ख, ग, घ नाहीत, तर ती घरे तिथे रिकामी ठेवली आहेत.

क्रमांक ठरला, तरी तो तारेतून किंवा हवेतून पाठवायचा कसा? त्यासाठी १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत रचली. न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखाली अंथरायच्या कागदावर तिचा पहिला आराखडा उतरला, असे पाइक यांनीच सांगून ठेवले आहे. या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर आपल्या अक्षराला तीन. आपला ‘क’ २२४, १६४ आणि १४९ अशा तीन आकड्यांचा गठ्ठा होऊन प्रवास करतो आणि पलीकडे पुन्हा २३२५ होतो. पलीकडचे यंत्र हा गठ्ठा जुन्या पद्धतीने उलगडू लागले, तर ‘क’ऐवजी तीन परकी चिन्हे दिसतात. कधी एखाद्या ई-पत्रात मराठीऐवजी तशी रांगोळी दिसली, तर समजावे की अक्षरे शाबूत आहेत, गठ्ठा चुकीचा सोडला गेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. क्रमांक हा तर निव्वळ आकडा. मग अक्षर सुंदर कसे दिसते? जाड, बारीक, तिरके, वळणदार, बोरूचे, कुंचल्याचे, असे हे वेष येतात कोठून?

याचे उत्तर एका वाक्यात देता येते. क्रमांक सांगतो अक्षर कोणते, आणि फाँट सांगतो ते दिसावे कसे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, हीच सगळी किमया. जुन्या पद्धतीत झूल काढली की अक्षरच जात होते. नव्या पद्धतीत झूल बदलली तरी अक्षर तेच राहते. मजकूर एकदाच लिहायचा. तो मोबाइलवर एका फाँटमध्ये दिसेल, संगणकावर दुसऱ्या, छापताना तिसऱ्या. एखादा फाँट यंत्रावर नसेल, तर यंत्र दुसरा उचलते. वळण बदलेल, अर्थ बदलणार नाही. यंत्राजवळ देवनागरीचा एकही फाँट नसेल, तर रिकाम्या चौकोनांची रांग दिसते. २०१० च्या आसपास अनेक मोबाइलवर मराठी संदेशांची ही अवस्था आपण पाहिली आहे. गूगलच्या ‘नोटो’ या फाँटकुळाचे नावच मुळी त्या चौकोनांवरून पडले आहे. पाश्चात्त्य तंत्रज्ञ त्या चौकोनांना गमतीने ‘टोफू’ म्हणतात, आणि तो टोफू नको, म्हणून ‘नो-टो’.

क्रमांक आणि फाँट यांच्या मधे आणखी एक कामकरी असतो. त्याला मी आजच्या युगाचा जुळारी म्हणेन. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ उच्चारतो, मग ‘इ’. धारिकेतही क्रम तोच, आधी ‘क’, मग वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी ‘क’च्या आधी दिसली पाहिजे. ‘धर्म’ या शब्दात ‘र्’ उच्चारात ‘म’च्या आधी येतो, दिसतो मात्र ‘म’च्या डोक्यावर. साठवायचे उच्चाराच्या क्रमाने आणि दाखवायचे लिपीच्या क्रमाने, हे काम हा जुळारी करतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली करते. जुळाऱ्याने मांडणी सांगायची आणि फाँटने आकृती पुरवायची. म्हणून आज ‘कार्त्स्न्य’सारखे अवघड जोडाक्षरही बनवता येते. त्यासाठी नवा खिळा ओतावा लागत नाही. यंत्र लिपीपुढे वाकले म्हणालो, ते या अर्थाने. आणि ज्यांना सावरकरांच्या पद्धतीने ‘अि’ लिहायचे, त्यांनाही याच घरांतून ते लिहिता येते.

या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. २००८ साली ते गेले. ‘मंगल’च्या रूपाविषयी मतभेद असतील, पण लाखो लोकांनी आपल्या संगणकावरचे पहिले खरे मराठी अक्षर त्याच फाँटमध्ये पाहिले. आणि आज वेषांना तोटा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके आठवा. नाव वाचताच नाटकाची प्रकृती कळे. पण ती अक्षरे त्या एका चित्रापुरती होती. आज तशी वळणदार अक्षरे फाँटमध्ये उतरवली, तर एखाद्या खेड्यातल्या तरुणाच्या मोबाइलवरही ती त्याच्या स्वतःच्या शब्दांवर चढवता येतात.

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना. आजकाल समाजमाध्यमांवर आपले नाव नक्षीदार रोमन अक्षरांत लिहिण्याची टूम आहे. ती अक्षरे फाँटची नसतात. गणिताच्या ग्रंथांत ठळक ‘ए’, तिरका ‘ए’, वळणदार ‘ए’ यांचे अर्थ भिन्न असतात. म्हणून २००१ साली युनिकोडने त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. हौशी मंडळी ती गणिती चिन्हे उचलून नाव लिहितात. ते दिसते छान आणि कुठल्याही यंत्रावर तसेच दिसते, कारण तिथे वेषच अक्षर झालेला असतो. पण ते नाव शोधायला गेल्यास बहुधा सापडत नाही. दृष्टिहीन व्यक्तीसाठी पडदा वाचून दाखवणारे यंत्र तिथे अडखळते, कधी नाव सोडून गणिती चिन्हांची नावे घेऊ लागते. देवनागरीला अशी नक्षीदार घरे दिलेली नाहीत, आणि ते बरेच झाले. आपल्याला वेष हवा असेल तर तो फाँटनेच द्यावा. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकित खूण केली की शब्द ठळक होतो. तिथे अक्षरे तीच राहतात, फक्त सूचना जोडली जाते. हीच योग्य रीत.

याचे उत्तम उदाहरण आपल्या रुपयाच्या चिन्हाचे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. उत्साह असा, की लगोलग काही फाँट निघाले. त्यांत कळफलकावरच्या एका निरुपयोगी खुणेच्या जागी रुपयाचे चित्र बसवले होते. स्वतःच्या संगणकावर रुपया दिसे, पत्र दुसऱ्याकडे गेले की तिथे ती निरर्थक खूण. म्हणजे नव्वदच्या दशकातली तीच चूक पुन्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत रुपयाला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि मगच तो जगभर एकसारखा चालू लागला.

आता थोडे आपल्या उणिवांविषयी. मराठीला काही गोष्टी उशिराने आणि भांडून मिळाल्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हा दुसरा, आडव्या खुणेचा अर्धा ‘र’ हिंदीला ठाऊक नाही. तो दाखवण्याची सोय युनिकोडमध्ये आहे, पण पुष्कळ फाँट आणि कळफलक करणाऱ्यांना ती ठाऊक नसे. ‘ॲ’ या आपल्या रोजच्या अक्षराला स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली. तोवर ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवावे लागे. परिणामी आज ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. ग्रंथसूचीत एका तऱ्हेने नोंदलेले ‘ॲरिस्टॉटल’ दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर मिळेलच असे नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे, पण क्रमांक एकच. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, आणि मजकूर मराठी आहे असे सांगितले की मराठी वळण उमटते. ते सांगायचे मात्र आपण विसरतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढले. ते किती फाँटकारांनी, किती प्रकाशकांनी आणि किती शाळांनी उघडून पाहिले?

आपल्या मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पेशवे दफ्तरापासून घराघरांतल्या गाठोड्यांपर्यंत जी मोडी कागदपत्रे पडून आहेत, ती अक्षररूपाने साठवण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. मार्ग मोकळा झाला म्हणजे प्रवास झाला, असे मात्र नव्हे. तो आपल्यालाच करायचा आहे.

आता गुरुजींच्या लेखांकडे परत येतो. ते शेवटी मिळाले. एका तरुण संगणकतज्ज्ञाने जुन्या फाँटची मांडणी हुडकून काढली आणि एक परिवर्तक लिहून दिला. जुन्या घरातले कोणते चित्र म्हणजे आजचा कोणता वर्ण, याची ती यादी. पण नुसती यादी पुरेना. जुन्या पद्धतीत वेलांटी आधी टंकलेली असे, ती उचलून व्यंजनाच्या मागे न्यावी लागली. रफार मागे होता, तो पुढे आणावा लागला. असे करता करता एका रात्री सात वर्षांचे लेख मराठीत परत आले.

मग मी मुद्रितशोधनाला बसलो. गावच्या जत्रेच्या पंक्तीवरचा एक लेख होता. त्यात लिहिले होते की, ‘आचार्यांनी भातात मीठ कमी टाकले म्हणून पाटील संतापले.’ क्षणभर मी गोंधळलो. मग लक्षात आले की परिवर्तकाने आडव्या खुणेचा ‘र’ साऱ्या लेखांतून रफारात बदलला होता. आचाऱ्यांचे आचार्य झाले होते! डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला होता, आणि गुरुजींचे सगळे पायरीवर बसलेले ‘म्हातारे’ सुखरूप असले, तरी सगळे ‘शेतकऱ्यांचे’ प्रश्न ‘शेतकर्यांचे’ झाले होते. ते सर्व हाताने दुरुस्त केले. जिथे शंका आली तिथे मुलाने वडिलांना वाचून दाखवले, आणि नव्वदीच्या त्या माणसाने नेमका शब्द सांगितला. ते हयात होते म्हणून हे होऊ शकले. आणखी दहा वर्षांनी ही सीडी सापडली असती, तर कोणाला विचारायचे होते?

बंधू-भगिनींनो, १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत मराठीत जे लिहिले गेले, त्यातले कितीतरी आज याच अवस्थेत आहे. दैनिकांच्या कार्यालयांत, छोट्या प्रकाशकांच्या कपाटांत, दिवाळी अंकांच्या संपादकांकडे, सहकारी संस्थांच्या अहवालांत, आणि कदाचित या वाचनालयाच्या जुन्या संगणकातही. बोरूने लिहिलेले कागद तीनशे वर्षांनंतरही वाचता येतात. वीस वर्षांपूर्वीचे संगणकातले मराठी वाचता येत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण साजरा केला. अभिजात भाषेने आपला कालपरवाचा ठेवा तरी हरवता कामा नये.

म्हणून तीन छोट्या विनंत्या करतो आणि थांबतो. पहिली, आजपासून जे मराठी लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, आणि मुद्रकाला मूळ मजकूर युनिकोडमध्येच मागा. दुसरी, घरात, कार्यालयात, संस्थेत जुन्या फाँटमधल्या सीडी, फ्लॉपी असतील, तर त्या टाकू नका. त्यांवर फाँटचे आणि आज्ञावलीचे नाव ठाऊक असेल तर आजच लिहून ठेवा. तेवढ्या एका नावावर पुढचे सारे काम अवलंबून असते. तिसरी, परिवर्तन यंत्राने करा, पण शोधन माणसाने करा. आणि ज्याने लिहिले तो हयात असताना करा.

पुस्तक छापून आले, तेव्हा मी पहिली प्रत घेऊन गुरुजींकडे गेलो. मुलाने तोच मजकूर मोबाइलवरही घेतला होता आणि अक्षरे बोटभर मोठी केली होती. गुरुजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःची ओळ स्वतः वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मीठ कमी पडलं होतं खरं, पण ते आचाऱ्यांकडून. आचार्य तर पंक्तीत माझ्या शेजारीच बसले होते.’’